एव्हान्स गॅम्बिट: बी-प्यादे देऊन वेळ विकत घेण्याची रीत

गॅम्बिट, म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच प्यादे देऊन बदल्यात वेळ किंवा हल्ला मिळवणे, हा शब्द बुद्धिबळात आला तो कुस्तीच्या भाषेतून. इटालियनमध्ये 'गांबा' म्हणजे पाय, आणि 'गांबेत्तो' म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायात पाय घालून त्याला पाडणे, म्हणजे आपल्याकडची टांग. स्पेनचा धर्मगुरू आणि खेळाडू रुई लोपेझ याने १५६१ मध्ये बुद्धिबळातल्या सुरुवातीच्या चालींसाठी हा शब्द वापरला आणि तो रुळला. टांग मारणारा क्षणभर स्वतः एका पायावर उभा राहतो, ही गोष्ट गॅम्बिट शिकताना ध्यानात ठेवावी, कारण एव्हान्स गॅम्बिटमधले बहुतेक पराभव त्या क्षणभरातच होतात. प्यादे देऊन मिळालेला वेळ कशावर खर्च करायचा हे ठरलेले नसते, आणि ठरेपर्यंत तो संपलेला असतो.

या लेखात पटाचे उभे स्तंभ पांढऱ्याच्या डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच असे लिहिले आहेत, '×' म्हणजे मोहरे मारणे आणि '+' म्हणजे शह. आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ अशा मोजाव्यात. चालीच्या क्रमांकापुढे '...' असेल तर ती काळ्याची चाल. नुसते घराचे नाव दिले असेल तर ती प्याद्याची चाल समजावी. पट समोर मांडून वाचल्याशिवाय या मजकुराचा फारसा उपयोग होणार नाही.

कल्पना कुणाची

विल्यम डेव्हिस एव्हान्स हा वेल्समधला दर्यावर्दी. त्याचा जन्म १७९० चा. चौदाव्या वर्षी तो समुद्रावर गेला आणि पुढे मिलफर्ड हेवन ते आयर्लंडमधील वॉटरफर्ड या मार्गावर टपाल नेणाऱ्या वाफेच्या जहाजाचा कप्तान झाला. ही खेळी त्याला सुमारे १८२४ मध्ये सुचली. रात्री जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून तीन रंगांच्या दिव्यांची पद्धत बसवण्याचे श्रेयही त्याला दिले जाते. १८७२ मध्ये बेल्जियममधील ऑस्टेंड येथे तो वारला.

लंडनमध्ये त्याने अलेक्झांडर मॅकडॉनेल या त्या काळच्या अतिशय बळकट खेळाडूला याच खेळीने विसाव्या चालीवर मात दिली. त्या डावात त्याने आधी कॅसलिंग (एकाच चालीत राजा आणि हत्ती हलवून राजाला सुरक्षित जागी नेणे) केले होते आणि बी४ ही चाल पाचव्या क्रमांकावर खेळली होती. आज ती चौथ्या चालीला खेळतात. हरलेल्या मॅकडॉनेलने शस्त्र ओळखले आणि ते स्वतःकडे घेतले. १८३४ मध्ये लंडनमध्येच फ्रान्सचा लाबुर्दोने आणि मॅकडॉनेल यांच्यात एकामागोमाग एक सामने होऊन एकूण ८५ डाव झाले. त्यांत दोघांनीही एव्हान्स गॅम्बिट वापरले आणि पुढची पन्नास-साठ वर्षे ते युरोपभर गाजत राहिले.

पहिल्या चार चाली आणि त्यांमागचा हिशेब

१. ई४ ई५
२. घोडा एफ३ घोडा सी६
३. उंट सी४ उंट सी५
४. बी४

पहिल्या तीन चालींची इटालियन सुरुवात सर्वांना ठाऊक असते. तिच्यात पांढऱ्याला सी३ आणि मग डी४ खेळून मध्य ताब्यात घ्यायचा असतो. त्यात अडचण एवढीच की सी३ खेळेपर्यंत काळ्याला घोडा एफ६ ही चाल मिळते, आणि नंतर मध्यातली प्यादी मारामारीत गेल्यावर काळा उंट बी४ वर येऊन शह देतो. एव्हान्सने या अडचणीवर प्यादे खर्च केले. बी४ वरचे प्यादे काळ्या उंटाने घेतले की ५. सी३ ही चाल उंटावर हल्ला करत येते, उंटाला हलावेच लागते, आणि सी३ पांढऱ्याला जवळजवळ फुकट पडते. लगेच ६. डी४. म्हणजे एका प्याद्याच्या बदल्यात एक चाल.

पण फायदा तेवढ्यावर थांबत नाही. बी-प्यादे गेल्यामुळे पांढऱ्या वजिराला बी३ हे घर मिळते, तिथून तो सी४ वरच्या उंटाच्या जोडीने एफ७ वर दाब आणतो. आणि सी१ वरच्या उंटाला ए३ ची वाट मोकळी होते. ए३ ते एफ८ ही तिरकी रेघ एकदा पांढऱ्याच्या हाती गेली की काळ्याला राजाच्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही, कारण एफ८ या घरावर उंटाची नजर असते. तुमचे गॅम्बिट यशस्वी होते आहे की नाही, याची माझ्या मते सर्वांत सोपी खूण हीच: दहाव्या-बाराव्या चालीला काळा राजा अजून ई८ वर आहे का?

राजाच्या गॅम्बिटशी तुलना केली तर एक फरक उघड दिसतो. तिथे एफ-प्यादे देताना पांढरा आपल्याच राजाचे दार उघडतो. इथे दिलेले प्यादे वजिराच्या बाजूचे असते, त्यामुळे हल्ला फसला तरी पांढरा राजा सुरक्षित राहतो, आणि म्हणून आक्रमक खेळायला नुकतीच सुरुवात करणाऱ्याला मी आधी हे गॅम्बिट शिकायला सांगेन.

४... घोडा×बी४ असे घोड्याने प्यादे घेतले तरी गोंधळू नये. ५. सी३ घोडा सी६ ६. डी४ नंतर तीच स्थिती येते, जी उंटाने प्यादे घेऊन पुन्हा सी५ वर परतल्यावर येते.

उंट ए५: मुख्य रस्ता

५... उंट ए५ ही काळ्याची सर्वांत स्वाभाविक चाल. उंट इथे कुणाच्या वाटेत येत नाही, आणि पांढऱ्याचे डी-प्यादे पुढे गेले की सी३ वरचे प्यादे राजाशी जखडले जाते. ६. डी४ ई×डी४ या चालींनंतर नवखा खेळाडू हमखास सी-प्याद्याने डी४ मारायला जातो. ती चाल नियमानेच करता येत नाही, कारण सी३ मोकळे झाले की ए५ वरच्या उंटाचा शह थेट ई१ वरच्या राजाला बसतो. म्हणून ७. कॅसलिंग. आता सी×डी४ ची धमकी खरी होते.

इथे काळ्यासमोर तीन मार्ग असतात.

लोभाचा मार्ग म्हणजे ७... ड×सी३, अर्थात डी-प्याद्याने सी३ घेणे. ८. वजीर बी३ ने एफ७ वर धाव घेतली जाते आणि काळ्याला वजिराने ते राखावे लागते. ८... वजीर एफ६ ९. ई५ वजीर जी६ १०. घोडा×सी३ घोडा (जी८ चा) ई७ ११. उंट ए३ अशा चालींनंतर पांढरा दोन प्याद्यांनी मागे असतो, पण त्याचे दोन्ही घोडे, दोन्ही उंट आणि वजीर बाहेर आलेले असतात आणि काळ्याचा वजिराच्या बाजूचा हत्ती व उंट जागचे हललेलेही नसतात.

वजीर एफ६ ऐवजी ई७ वर गेला तर काय होते ते बॉबी फिशरने १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ग्रँडमास्टर रूबेन फाइनविरुद्धच्या एका अनौपचारिक डावात दाखवले. तो डाव सतरा चालींचाच असल्यामुळे पाठ करावा.

८. वजीर बी३ वजीर ई७
९. घोडा×सी३ घोडा एफ६
१०. घोडा डी५ घोडा×डी५
११. ई×डी५ घोडा ई५
१२. घोडा×ई५ वजीर×ई५
१३. उंट बी२ वजीर जी५
१४. एच४ वजीर×एच४
१५. उंट×जी७ हत्ती जी८
१६. हत्ती (एफ१ चा) ई१+ राजा डी८
१७. वजीर जी३

इथे फाइनने डाव सोडला. चौदाव्या चालीवर थोडे थांबा. एच४ हे प्यादे फुकट दिल्यासारखे दिसते, पण काळा वजीर जी५ वरून जी७ राखत होता आणि एच४ घेताच ते राखण सुटले. शेवटच्या चालीनंतर काळ्याने वजिराने वजीर मारला तर उंट एफ६ वर येऊन शह देतो आणि तीच मात: ई८ वर हत्तीचा ताबा, ई७ वर उंटाचा, आणि उरलेल्या घरांवर काळ्याचीच मोहरी बसलेली. मुद्दा असा की फिशरने दहाव्या चालीपर्यंत सी३ वरच्या प्याद्याखेरीज काहीही 'मारले' नाही. त्याची प्रत्येक चाल नवे मोहरे पटावर आणणारी किंवा रेघ उघडणारी होती.

दुसरा मार्ग ७... डी३. हे प्यादे पुढे ढकलून काळा पांढऱ्याला सी×डी४ ची संधी नाकारतो. 'सदाहरित डाव' म्हणून प्रसिद्ध असलेल्या, बर्लिनमध्ये १८५२ साली झालेल्या अँडरसन–ड्युफ्रेन डावात हेच झाले. त्यातील वजिराच्या बळीचे कौतुक सर्वत्र होते, पण शिकणाऱ्याने एकोणिसाव्या चालीवर लक्ष द्यावे. घोड्याचा बळी दिलेला, एफ३ वरचा दुसरा घोडा मारला जाणार हे दिसत असलेले, आणि अशा वेळी अँडरसन ए१ वरचा हत्ती शांतपणे डी१ वर आणतो. जे मोहरे अजून खेळात नव्हते ते आधी खेळात आले, मग २०. हत्ती×ई७+, मग २१. वजीर×डी७+ हा वजिराचा बळी, आणि चोविसाव्या चालीला उंटांनी मात.

तिसरा मार्ग समंजस काळ्याचा. ७... घोडा (जी८ चा) ई७ ८. सी×डी४ डी५. मध्यातली प्यादी बदलून काळा तिथे पाय रोवतो, ९. ई×डी५ घोडा×डी५ नंतर त्याचे कॅसलिंग झाले की पांढऱ्याचा हल्ला विरतो. पांढऱ्याने इथे रागावून काही फोडायला जाऊ नये. डाव समान आहे असे मानून खेळावे.

६. डी४ की ६. कॅसलिंग?

जुन्या काळी ५... उंट ए५ नंतर सहाव्या चालीला कॅसलिंग सर्रास होत असे. मिखाईल चिगोरिन तसेच खेळत असे आणि १८८९ मध्ये हवाना येथे विश्वविजेतेपदासाठी विल्हेल्म स्टाइनिट्झविरुद्ध झालेल्या सामन्यात, तसेच त्यानंतर दोघांत तारेने झालेल्या डावात, याच गॅम्बिटवर दोघांचे मतभेद पटावर लढले गेले. स्टाइनिट्झ वजीर एफ६ वर आणून प्यादे हट्टाने राखत राहिला, आणि तारेच्या सामन्यातला तो डाव हरला.

गॅम्बिटचा जोर खरा ओसरला तो एमानुएल लास्करच्या उत्तरामुळे. ६. कॅसलिंग डी६ ७. डी४ उंट बी६. काळा उंट स्वतःहून मागे घेतो आणि प्यादे परत द्यायला तयार होतो. पांढऱ्याने ते घेतले तर ८. ड×ई५ ड×ई५ ९. वजीर×डी८+ घोडा×डी८ १०. घोडा×ई५ उंट ई६ अशी स्थिती येते. मोजले तर दोन्हीकडे सहा-सहा प्यादी, पण वजीर पटावरून गेलेले, हल्ला नाही, आणि ए२ व सी३ ही पांढऱ्याची प्यादी एकेकटी उभी. या स्थितीत पांढऱ्याकडून मी इतके डाव हरलो आहे की आता ई५ वरचे ते प्यादे दिसले की हात मागे घेतो.

म्हणून आधी ६. डी४ खेळावे. मग ६... डी६ ला ७. वजीर बी३ हे उत्तर आहे, आणि एफ७ राखण्यासाठी काळ्याला ७... वजीर डी७ खेळावे लागते, जिथे वजीर स्वतःच्याच सी८ वरच्या उंटाची वाट अडवतो. ८. ड×ई५ नंतर काळ्याने पुन्हा शांतपणे ८... उंट बी६ खेळले तर त्याचा बचाव भक्कम आहे. पण वजीर पटावर आहेत, पांढऱ्याला पुढाकार आहे, आणि गॅम्बिट खेळणाऱ्याला याहून अधिक मागण्याचा हक्क नाही.

उंट सी५ आणि एक युक्ती

५... उंट सी५ ६. डी४ ई×डी४ ७. कॅसलिंग. इथे काळ्याने हावरेपणाने ७... ड×सी३ घेतले तर ८. उंट×एफ७+ राजा×एफ७ ९. वजीर डी५+ आणि पुढच्या चालीला सी५ वरचा उंट मिळतो. मोहरे परत आले, काळ्याचे कॅसलिंग कायमचे गेले. हीच युक्ती उंट ए५ वर असताना का चालत नाही, हे पटावर पाहावे: डी५ वरून वजीर ए५ वरही नजर टाकतो, पण ए५ वरच्या उंटाला सी६ चा घोडा राखतो आणि सी५ वरच्या उंटाला कुणीच राखत नाही. दोन घरांच्या फरकाने डाव बदलतो.

सावध काळा ७... डी६ ८. सी×डी४ उंट बी६ खेळतो. पांढऱ्याकडे मध्यात डी४-ई४ ही दोन प्यादी आणि काळ्याकडे एक प्यादे जास्त, अशी ही एकोणिसाव्या शतकातली सर्वांत चर्चिली गेलेली स्थिती. पॉल मॉर्फीची पसंती ९. घोडा सी३ ला होती. काळ्याचे चांगले उत्तर ९... घोडा ए५, म्हणजे सी४ च्या धोकादायक उंटाला बदलण्याचा प्रयत्न. उंट बदलला गेला तर पांढऱ्याचा अर्धा हल्ला जातो, हे दोघांनीही ओळखून असावे.

५... उंट डी६ ही चालही कधी भेटते. दिसायला विचित्र आहे, डी-प्यादे अडते, पण ई५ भक्कम राहते. ६. डी४ खेळून नेहमीप्रमाणे मोहरी काढावीत.

उंट ई७: कास्पारोव्ह विरुद्ध आनंद

आजच्या खेळाडूंना ५... उंट ई७ आवडते, आणि त्याचे कारण ६. डी४ घोडा ए५ या चालीत आहे: घोडा सी४ च्या उंटावर चालून जातो. ७. घोडा×ई५ घोडा×सी४ ८. घोडा×सी४ डी५ नंतर काळा आरामात बरोबरीत येतो. या मार्गाने गॅम्बिट संपल्यातच जमा आहे असे बऱ्याच जणांना वाटत असताना एप्रिल १९९५ मध्ये रिगा येथील ताल स्मृती स्पर्धेत गॅरी कास्पारोव्हने विश्वनाथन आनंदविरुद्ध उंट सरळ मागे घेतला.

७. उंट ई२ ई×डी४
८. वजीर×डी४ घोडा एफ६
९. ई५ घोडा सी६
१०. वजीर एच४ घोडा डी५
११. वजीर जी३ जी६

आठव्या चालीला सी-प्याद्याने डी४ घेणे हे पुस्तकी वाटते. कास्पारोव्हने वजिराने घेतले आणि जी७ वर नजर रोखली. पुढच्या तीन चाली पाहा: काळ्याचे घोडे प्रत्येक चालीला वजिराला किंवा प्याद्याला उत्तर देत फिरत आहेत, आणि अकराव्या चालीला जी६ खेळावे लागल्याने काळ्या राजाभोवतीची काळ्या रंगाची घरे पोकळ झाली. पंधराव्या चालीला पांढरा उंट एच६ वर बसला, कॅसलिंगचा प्रश्नच मिटला, आणि पंचविसाव्या चालीला आनंदने डाव सोडला. उंट ई२ वर मागे गेला म्हणजे हल्ला सोडला असे नव्हे, हे या डावातून घ्यावे. त्याच वर्षी शरद ऋतूत हे दोघे न्यूयॉर्कमध्ये विश्वविजेतेपदासाठी समोरासमोर बसले.

नकार मिळाला तर

४... उंट बी६ खेळून काळा प्यादे नाकारू शकतो. मग ५. ए४ हे बरोबर उत्तर. ए५ ची धमकी आहे, म्हणून काळा ५... ए६ खेळतो, आणि ६. घोडा सी३ नंतर घोडा डी५ वर जाण्याची तयारी होते. पांढऱ्याने काहीही गमावलेले नाही आणि वजिराच्या बाजूला त्याला जागा जास्त आहे. ५. बी५ मात्र घाईने ढकलू नये. घोडा ए५ वर जातो, ई५ चे प्यादे पांढऱ्याला मिळते खरे, पण त्यानंतरच्या गुंतागुंतीत काळ्याची मोहरी वेगाने बाहेर पडतात.

सराव कसा करावा

एकाच आठवड्यात सगळे उपप्रकार घोकू नयेत. आधी फक्त ५... उंट ए५ ६. डी४ ई×डी४ ७. कॅसलिंग ही स्थिती पटावर मांडावी आणि दोन्ही बाजूंनी, पाळीपाळीने, किमान दहा-बारा डाव खेळावेत. काळ्याकडून खेळल्याशिवाय प्यादे केव्हा परत द्यायचे हे कळत नाही, आणि ते कळले नाही तर पांढऱ्याकडून समोरच्याची ती चाल आधी दिसत नाही. प्रत्येक डावानंतर बाराव्या चालीला थांबून तीन गोष्टी लिहाव्यात: दोन्हीकडची किती मोहरी मूळ घरातून निघाली, काळ्याचे कॅसलिंग झाले का, आणि पांढऱ्याने मोहरी पूर्ण बाहेर येण्याआधी कोणता बळी दिला. हरलेल्या डावांत तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलेले सापडते, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर ६... डी६ आणि ५... उंट ई७ घ्यावे. उंट सी५ चा मार्ग शेवटी, कारण वरची युक्ती माहीत असली की अर्धे काम होते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. हे सारे काळ्याने तिसऱ्या चालीला उंट सी५ वर आणला तरच घडते. ३... घोडा एफ६ खेळणारे कमी नाहीत, आणि त्यांच्यासमोर बी४ ला काही अर्थ उरत नाही; तिथे ४. घोडा जी५ किंवा ४. डी४ यांपैकी एक उत्तर वेगळे तयार ठेवावे लागते.